काम वेगळं, व्यायाम वेगळा: गरोदरपणातल्या व्यायामावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल प्रश्न मागवले होते आणि पत्रांचा, मेसेजचा ढीग आला. सगळे वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती, आपल्याकडे पोटुशी बाईला सल्ले दोनच, एक म्हणजे 'अजिबात हलू नकोस' आणि दुसरा 'भरपूर काम कर म्हणजे सुटका लवकर होईल', आणि कित्येकींना तर पहिले तीन महिने पहिला सल्ला मिळतो आणि शेवटचे दोन महिने दुसरा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर आणि बाळंत बायकांसोबतच माझा दिवस जातो, त्यामुळे जे रोज बघते त्यावरून लिहितेय. पण तुमची फाईल तुमच्या डॉक्टरांकडे आहे, माझ्याकडे नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

प्रश्न: मला अकरावा आठवडा चालू आहे. आधी आठवड्यातून चार दिवस जिम आणि झुंबा करायचे. टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हापासून आई आणि सासूबाई मला जिनासुद्धा उतरू देत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे, हळूहळू रुटीन चालू ठेव. पण माझ्या जावेचं मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं, म्हणून आता मलाच भीती वाटते. किती आणि काय करू? (हिंजवडी, पुणे)

आधी तुझ्या जावेबद्दल बोलूया, कारण भीती तिथून आलीये. सुरुवातीच्या महिन्यात जे गर्भपात होतात त्यातले साधारण निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असल्यामुळे होतात, म्हणजे गर्भ राहिला तेव्हाच ते ठरलेलं असतं. जिना चढल्याने, बादली उचलल्याने, चालल्याने ते होत नाही. तिच्याही मनात 'मी तेव्हा अमुक केलं म्हणून झालं का' असं काहीतरी नक्की रुतून बसलं असणार, ही ओळ तिला वाचून दाखव प्लीज.

आता तुझं. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय ना, मग चाल, बिनधास्त चाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात गरोदर बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, म्हणजे अर्धा तास धरला तर पाच दिवस झाले, आणि तो अर्धा तास सलगच पाहिजे असं काही नाही, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केलेस तरी चालतंय. तिसरा महिना संपेपर्यंत मळमळ आणि झोप इतकी असते की कधी कधी दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत, त्या दिवशी सोडून दे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. झुंबातल्या उड्या आणि गर्रकन वळणं काढून टाक, एक पाय कायम जमिनीवर राहील असं कर. वजनं उचलायची सवय आहे तर उचल पण कमी कर, आणि उचलताना मोठ्याने आकडे मोज, आकडे मोजता येतायत म्हणजे श्वास कोंडलेला नाही. श्वास रोखून जोर लावायचा नाही, ही एकच गोष्ट मी सगळ्यांना सगळ्यात जास्त वेळा सांगते.

तू विचारलं नाहीस पण मनगटावर घड्याळ असणारच म्हणून सांगते. 'ठोके १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत' असं अजूनही लोक सांगतात, ते अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये सांगितलेलं आणि १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकलेलं आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नुसतं बसलेलं असतानाही नाडी आधीपेक्षा जोरात चालते, त्यामुळे घड्याळ उगाच घाबरवतं. त्याऐवजी बोलून बघ. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, हा तुझा योग्य वेग. वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी कर.

पडायची किंवा पोटाला मार लागायची भीती आहे ते मात्र बाळ होईपर्यंत बंद. पावसात निसरडा झालेला सिंहगड नको, सोसायटीतलं क्रिकेट नको, आणि तारकर्लीला जाऊन स्कूबा तर अजिबात नको, दाबाखालच्या हवेचा त्रास पोटातल्या बाळाला होऊ शकतो.

आणि पुढचं फ्रिजवर लिहून लाव, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं. अंगावरून रक्त जाणं, पाण्यासारखं काही गळणं, पोट ठरावीक वेळाने दुखून घट्ट होणं, छातीत दुखणं, चालायच्या आधीच धाप लागणं, चक्कर, सारखं डोकं दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं की व्यायाम तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांना फोन, रात्री झालं तर रात्री. पुढे बाळाची हालचाल कळायला लागली आणि ती कमी वाटली तरी तसंच.

प्रश्न: सहावा महिना आहे, ॲक्टिव्हा चालवली तर चालते का? ऑफिस सात किलोमीटर आहे. (नाशिक)

हा व्यायाम नाही पण दर दुसरी जण विचारते म्हणून घेतलाय. खड्ड्यातल्या धक्क्याने बाळाला काही होत नाही, ते पाण्याच्या पिशवीत आहे. भीती पडायची आहे. पोट वाढलं की तोल पुढे जातो, सांधे सैल झालेले असतात, अचानक ब्रेक लागला तर पाय टेकवून गाडी सावरणं आधीसारखं जमत नाही. सातव्यापासून तरी रिक्षा, बस किंवा कोणीतरी सोडायला, असं बघ. तोपर्यंत चालवलीसच तर हेल्मेट आणि मोकळा रस्ता, पावसात नको.

प्रश्न: सूनबाईला आठवा लागला. ती गरोदर बायकांच्या व्यायामाच्या क्लासला जाते, चांगले पैसे भरून. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत लादी पुसत होतो, पाट्यावर वाटत होतो, माझी तिन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली. मी तिला म्हटलं, क्लासचे पैसे वाचव आणि उकिडवं बसून लादी पूस, तेवढाच व्यायाम. तर ती आणि मुलगा दोघंही रागावले. माझं काय चुकलं? (कोल्हापूर)

काकू, तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक घरात हा विषय सासू-सुनेत धुमसत राहतो आणि विचारत कोणीच नाही.

तुमचं सगळं चुकलेलं नाही. उकिडवं बसल्यावर कटीचा खालचा भाग थोडा जास्त उघडतो हे खरं आहे, आणि ज्या बायका शेवटपर्यंत हालचाल करतात त्यांना बाळंतपण सोपं जायची शक्यता थोडी वाढते असं अभ्यासांतही दिसलंय. पण थोडी वाढते, काकू, खात्री नाही मिळत. बाळ आडवं आहे की पायाळू, त्याचे ठोके कसे आहेत, आईचं बीपी किती, वार (प्लेसेंटा) कुठे आहे, हे लादीच्या हातात नसतं. उद्या काही कारणाने सिझेरियन करावं लागलं तर 'लादी पुसली असतीस तर...' हे वाक्य तिच्या कानावर येऊ देऊ नका, एवढी माझी मनापासून विनंती आहे. टाके भरून येतात, हे वाक्य नाही भरून येत. मी अशा बायका बघितल्यात की बाळ वर्षाचं झालं तरी त्या स्वतःलाच दोष देत बसलेल्या असतात.

आता लादी आणि क्लास यात फरक काय ते सांगते. मध्ये एक नवव्या महिन्यातली बाई पाठ दुखते म्हणून आली होती, रोज तीन खोल्या पुसते म्हणाली, तर मी तिला म्हटलं इथेच करून दाखव कसं करतेस. उकिडवी बसली, टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. फडकं कायम उजव्याच हातात. पलंगाखाली हात घालायची वेळ आली की पोट मांडीवर दाबलं जायचं आणि ती श्वास धरून ठेवायची, हात बाहेर आला की मगच सोडायची, दर वेळी. मग फडकं पिळताना मनगटं वळायची, तिथे तिला आधीच मुंग्या येत होत्या. आणि उठताना एक हात ओल्या फरशीवर. पाच मिनिटांत मला कळलं की पाठ का दुखतेय. तिला कळत नव्हतं कारण काम करताना लक्ष फरशीवर असतं, अंगावर नसतं. खोली संपेपर्यंत थांबायचंही नसतं.

क्लासमध्ये हेच बसणं शिकवतात पण पाय पसरून, टाचा टेकवून, ओट्याला किंवा खिडकीच्या गजांना धरून, खाली जाताना श्वास घेत आणि वर येताना सोडत. दोन्ही बाजू सारख्या होतात. दमली की थांबते. काम वेगळं, व्यायाम वेगळा, काकू. कामाला फरशी सांगते कधी थांबायचं, व्यायामाला अंग सांगतं. तुमच्या वेळचं काम तुम्ही निभावलंत हे तुमच्या अंगाचं बळ आहे, ते मोठंच आहे, पण तेव्हा तुमची पाठ किती दुखायची, खोकताना लघवी सुटायची का, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं का? कोणीच विचारलं नसणार.

तिला हौस असेल तर हातागुडघ्यांवर येऊन, गुडघ्याखाली जुना टॉवेल घडी करून, दहा मिनिटं फरशी पुसू दे, त्याने उलट पाठीला आरामच पडतो. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, जांघेत किंवा पुढच्या हाडात कळ येत असेल तर उकिडवं बसणं नाहीच, आणि बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि एक करून बघा, संध्याकाळी तिला घेऊन रंकाळ्याला जा, दोघी मिळून चक्कर मारा. तुमच्याही गुडघ्यांना बरं.

प्रश्न: लहानपणापासून सूर्यनमस्कार घालते, रोज बारा. आता पाचवा महिना लागला. बंद करू का? कपालभाती पण करायचे. (ठाणे)

कपालभाती आणि भस्त्रिका बंद, आजपासून. पोटाला जोरात झटके देणारं काही नको. श्वास रोखून धरायचा कुंभकही नको. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी खुशाल कर, शांत झोप लागायलाही बरं पडतं.

सूर्यनमस्काराची सवय आहे म्हणून पूर्ण बंद कर असं मी नाही म्हणणार, पण तो तसाच्या तसाही नको. साष्टांग आणि भुजंगासन यात पोटावर येतो, ते दोन्ही गाळ आणि त्यांच्या जागी मार्जारासन घे, हातागुडघ्यांवर पाठ वर-खाली. मागे वाकणं अगदी थोडं. पुढे वाकताना पाय कटीपेक्षा जास्त पसर आणि हात जमिनीपर्यंत न नेता खुर्चीवर टेक, डोकं खूप खाली गेलं की वर येताना गरगरतं. बाराचे चार-पाच झाले तरी पुष्कळ. आणि आधी कधीच घातले नसतील तर आत्ता सुरू करायची ही वेळ नाही, हे बाकीच्या वाचकांसाठी.

तुझ्यासारख्या लवचिक मुलींची मला वेगळीच काळजी असते. या दिवसात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांधे धरून ठेवणारे बंध सैल करतं, त्यामुळे बद्धकोनासनात गुडघे आधीपेक्षा सहज खाली जातात, वाटतं वा किती छान जमतंय, आणि आठवड्याभराने माकडहाडाजवळ ठणका सुरू होतो. जिथपर्यंत जातंय तिथपर्यंत न जाता त्याच्या थोडं अलीकडे थांब.

शवासन उताणं नको, आता कुशीवर. गर्भपिशवी जड झाली की उताणं झोपल्यावर खालून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते, मग घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यापुढे अंधारी येते. डावी कूस छान, उजवीही चालते, गुडघ्यांमध्ये उशी घे. रात्री जाग आल्यावर उताणी सापडलीस तर घाबरू नकोस, फक्त कूस बदल.

प्रश्न: सातव्या महिन्यात शुगर निघाली. डॉक्टरांनी जेवण कंट्रोल करा आणि चाला असं सांगितलंय. इकडे बाहेर ४४-४५ डिग्री आहे, चालू कुठे? (नागपूर)

बाहेर नाहीच जायचं. घरात चालायचं.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा जास्त आली असणार तुझी, आपल्याकडे तीच टेस्ट करतात. आता यातली एक चांगली बातमी अशी की चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलायला लागतात, आणि जेवणानंतरचं चालणं त्यासाठी फार उपयोगी. म्हणून सकाळी एकदम पाऊण तास फिरून दिवसभर बसण्यापेक्षा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण या प्रत्येकानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मार. कूलर लावलेल्या हॉलमधून किचन, किचनमधून बेडरूम. कंटाळा येतो हे मला माहितीये, कोणाशी तरी फोनवर बोलत मार, माझ्या एका पेशंटचा रोजचा दुपारचा फोन बहिणीला ठरलेलाच होता. जागा नसेल तर उभ्या उभ्या कदमताल.

त्यासोबत दिवसाआड थोडे ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड दहा वेळा, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून उचलणं. सोपं वाटेल पण शेवटच्या दोन-तीन वेळा दम लागला पाहिजे.

इन्सुलिन चालू असेल तर चालण्याआधी साखर बघायची आणि जवळ काहीतरी खायला ठेवायचं, थरथर, घाम, एकदम भूक लागली तर थांबून लगेच साखर किंवा गोड खायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. उन्हाळ्यात तहान लागायची वाट न बघता पाणी. अंग तापलेलं वाटतंय, डोकं दुखतंय, लघवी गडद पिवळी होतेय, तर त्या दिवशी चालणं पुढे ढकल.

आणि बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यात परत शुगर टेस्ट कर. बाळाच्या गडबडीत हे सगळ्याच विसरतात. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे कायमचा डायबेटीस व्हायची शक्यता जास्त असते, ती टेस्ट टाळायची नाही.

प्रश्न: दुसरी खेप, सातवा महिना. शिंकलं, खोकलं, हसलं की थोडी लघवी होते. लाजेने कोणाला सांगितलं नाही. चालायला गेले की जास्त होतं म्हणून चालणंच सोडलंय. (चिपळूण)

ताई, चालणं नको सोडू. आणि लाजू तर अजिबात नकोस, फार बायकांना होतं आणि बऱ्याच अंशी सुधारतं.

कटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं या सगळ्यांचा भार तिच्यावर. पहिल्या बाळंतपणात ती ताणलेली, आता परत वजन वाढतंय, झोळी सैल पडली की शिंकेचा दाब तिला पेलत नाही.

व्यायाम असा. खुर्चीत ताठ बस, पाय जमिनीवर, मांड्या सैल. गॅस आवरायचा असतो तेव्हा मागची जागा कशी आवळतो, तशी आवळ. आता तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण, आणि सगळं आत आणि वर ओढल्यासारखं कर. ढुंगण घट्ट झालं, मांड्या जवळ आल्या, पोट आत गेलं, किंवा श्वास थांबला तर चुकलं, परत सैल सोडून कर. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळता कामा नये. पाच आकडे धर, मग पूर्ण सोड, सोडायलाही पाच आकडे दे, सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. असे दहा. मग दहा पटापट, आवळ-सोड आवळ-सोड. दिवसातून तीन वेळा. हळूहळू पाचाचे दहा आकडे होतील. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नकोस, जागा ओळखायला एखादेवेळी ठीक, रोज केलंस तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

आणि शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळ. बादली उचलायच्या आधी आवळ. ही सवय लागली की फरक पडायला लागतो, तरी पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने धर, आणि बाळ झाल्यावरही चालू ठेव.

एक गोष्ट मात्र नीट वाच. शिंकल्यावर चार थेंब येणं वेगळं, आणि काही न करता सारखं पाणी पाझरत राहणं, लघवीचा वास नसणं, पॅड बदलला तरी परत ओला होणं वेगळं. तसं झालं तर ते गर्भजल असू शकतं, उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

प्रश्न: आम्ही लेस्टरला असतो. मिडवाइफ म्हणते पोहायला जा, आई सांगलीहून रोज फोनवर सांगते पाण्यात जाऊ नकोस, बाळाला गारठा बसेल. तेविसावा आठवडा. (इंग्लंड)

जा. बाळाला गारठा बसत नाही, त्याच्याभोवतीचं तापमान तुझं शरीर सांभाळतं. पाण्यात पोटाचं ओझं जातं, पाय सुजलेले असले तर हलके वाटतात, तोल जाऊन पडायची भीती नाही. ब्रेस्टस्ट्रोकने जांघेत दुखलं तर पायांची ती चाल सोडून साध्या लाथा मार. उडी नको, हॉट टब आणि सौना नको, तिथे अंग फार तापतं. पायरीवरून बाहेर येताना कठडा धरून ये, पाण्यातून बाहेर आलं की वजन एकदम परत येतं. आईला सांग की मी सांगितलंय, आणि पोहून झाल्यावर केस पुसून गरम काहीतरी पितेस हेही सांग, तेवढ्याने तिचा जीव निम्मा शांत होईल.

प्रश्न: आयव्हीएफने सहा वर्षांनी दिवस राहिलेत. चोवीस आठवडे. सुरुवातीला रक्त दिसलं होतं म्हणून तेव्हापासून पूर्ण बेडरेस्ट, बाथरूमला जातानाही नवरा धरून नेतो. आता रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत तरी उठायची हिंमत होत नाही. (लातूर)

सहा वर्षं वाट बघितलेल्या बाईला 'घाबरू नकोस' म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणत नाही. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचार, आत्ता, आजच्या तारखेला मी झोपून राहायचं नक्की कारण काय आहे. वार तोंडावर असेल, पिशवीचं तोंड आखूड असेल, बीपी वाढलेलं असेल तर त्या जसं सांगतील तसंच वाग. पण काहीच कारण उरलं नसेल तर नुसतं पडून राहिल्याने गर्भपात किंवा वेळेआधीची डिलिव्हरी टळते असं सिद्ध झालेलं नाही. उलट गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते आणि हलणं बंद झालं की पायाच्या शिरेत गाठ व्हायचा धोका वाढतो. एक पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर ती चोळायची नाही, तेल लावून तर नाहीच, त्याच दिवशी दाखवायची.

डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत अंथरुणात पावलं वर-खाली करत राहा, दर तासाला वीस वेळा. त्यांनी परवानगी दिली की पहिल्या दिवशी पाच मिनिटं घरातच चाल, नवरा शेजारी असू दे पण धरायला नको. चार महिने झोपलेल्या पायांना पहिल्या आठवड्यात कापरं भरणार, ते बाळामुळे नाही, पायांमुळे आहे. दोन-दोन मिनिटं वाढवत ने.

प्रश्न: मी आशा सेविका आहे. आमच्या गावातल्या बायका दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलतात. मीटिंगमध्ये सांगतात गरोदर मातांना हलका व्यायाम शिकवा. पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने व्यायाम सांगू? (बीड जिल्हा)

ताई, नका सांगू. तिला व्यायाम नको, विश्रांती हवीये.

वर मी १५० मिनिटं वगैरे लिहिलंय ते खुर्चीत बसणाऱ्या, घरात असणाऱ्या बायकांसाठी आहे. फडात दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, आणि कोपीवर, म्हणजे झोपडीवर येऊन परत पाणी, सरपण, स्वयंपाक, यात तिला मनाप्रमाणे थांबता येत नाही. पोटात अन्न पुरेसं नाही, पाणी कमी पितात कारण लघवीला जायला आडोसा नाही. अशा जड कामाने, जास्त ओझं आणि तासन्‌तास उभं राहण्याने बाळ लवकर होण्याचा, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

काम थांबवणं तिच्या हातात नसतं हे मला कळतं, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून जेवढं जमेल तेवढं, नवऱ्याला समोर बसवून सांगा. पहिली गोष्ट म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणं बंद, ते त्याने किंवा टोळीतल्या दुसऱ्याने करायचं, तिने पाचट काढणं, मोळी बांधणं यावर राहावं. एवढी एक अदलाबदल झाली तरी पडायचा सगळ्यात मोठा धोका गेला. हंडा भरून एक आणण्याऐवजी कळश्या अर्ध्या-अर्ध्या, दोन हातात दोन, म्हणजे भार सारखा. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून, ओझं अंगाजवळ, आणि उचलता उचलता श्वास सोडत. दुपारी अर्धा तास कुशीवर आडवं व्हायचं, बांधावर का होईना. पायाला गोळे येतात म्हणाली तर उभ्याने झाडाला हात टेकवून एक पाय मागे सरळ, टाच जमिनीला, वीस आकडे. वर चिपळूणच्या ताईंना सांगितलेला आवळायचा व्यायाम तेवढा तिला शिकवा, तो फडात उभ्याउभ्याही होतो आणि ओझं उचलणाऱ्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, नाहीतर पुढे अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं.

निघायच्या आधी हिमोग्लोबिन बघूनच सोडा. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ७ च्या खाली असेल तर तिने जायचंच नाही, तिला दवाखान्यातच उपचार लागतात. लोहाच्या गोळ्या १८० द्यायच्या असतात, तेवढ्या मोजून बरोबर द्या, आणि चहासोबत घेऊ नको, लिंबू-पाण्यासोबत घे, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, हे नवऱ्यालाही पाठ करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात, ट्रंकेत खाली नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती फक्त आपल्या गावाची नाही, कारखान्याजवळच्या केंद्रातही होते. १०२ आणि १०८ हे नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा. पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत, त्याचा फॉर्म निघायच्या आधी भरा.

यावर्षी तुमच्या गावातून किती गरोदर बायका जातायत आणि मोळीची अदलाबदल कोणाला जमली, ते मला लिहून कळवाल का? फोन केलात तरी चालेल, नंबर संपादकांकडून घ्या, मी वाट बघतेय.